चौथी खुंटी

टेंभुर्णी,
ता. ४ फेब्रुवारी २०२४

चि. दैवशालास अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनच केला असता, पण तुझा कल्याण फोनचा आवाज मोठा करतो आणि सगळं घर ऐकत बसतं. आईशी मामाचं काय गुपित असणार, असं त्या पोराला वाटतं. म्हणून हे पत्र.

माझी नात मीना सध्या पिसाटली आहे. शाळेच्या जुन्या खोलीत टेंभुर्णीच्या पलंगांचा इतिहास मांडणार म्हणते. आपल्या सुतार गल्लीत नऊ कारखाने होते, हे आता कोणाला खरं वाटत नाही. तिने रंधे, पटाश्या, फोटो जमवले. पलंग मात्र एकही नाही. लोकांनी जुन्या सागवानाच्या भावात मोडीत काढले. राहिला एकच, तुझा. तुझ्या लग्नात मीच केलेला, बिनखिळ्याचा, नुसत्या लाकडी खुंट्यांवर जोडलेला.

काल तिला चौथ्या खुंटीची रीत सांगत होतो. लग्नाच्या पलंगाच्या तीन खुंट्या पक्क्या ठोकायच्या, चौथी अर्धीच ठेवायची. वर्षभरात लाकूड सासरच्या हवेला सरावलं, की ज्याने पलंग केला त्यानेच जाऊन ती ठोकायची. तेव्हा खोलीत फक्त कारागीर आणि सून, घरचे बाहेर. पलंग पक्का व्हायचा आणि पोरीच्या मनातलं माहेरी पोचायचं. काय गोड रीत! मला शाळेतली घरटं बदललेल्या पाखराची कविता आठवली. सगळी म्हणून दाखवली. मीना जांभया देत होती.

पलंग देशील ना? दाजींना नमस्कार. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा,
पुंजाराम

धावडा,
ता. १३ फेब्रुवारी

ती. दादास दैवशालाचा सा. न. वि. वि.

पत्र भेटलं. हरभरा काढून राह्यलो, म्हणून उत्तराला उशीर.

पलंग देणार न्हाई.

रीत तू मीनाला लई रंगवून सांगितली. माझ्या पलंगाची चौथी खुंटी आजही अर्धीच हाय. कुरकुरते म्हणून बावन्न वर्षं चिंधी गुंडाळून ठेवली. तू राखीला आल्ता, दिवाळीला आल्ता. ओसरीवर बसला, चहा पेला, ह्यांना कविता ऐकवल्या अन् गेला. जाफराबादच्या मारवाड्याच्या पोरीची खुंटी ठोकायला बैलगाडीनं गेल्ता ना? मंग मी काय पाप केल्तं? तू आला की मी आतल्या खोलीत जाऊन उभी राहायची. वाटायचं, आता हातोडा घेऊन उठंल. सासूबाईंनी एकदा विचारलं बी, तुझा भाऊ खुंटी कधी ठोकणार. मी म्हणलं, पुढच्या खेपेला.

फार मोठं काही मागायचं न्हवतं. माझं सहावीचं कवितांचं पुस्तक कारखान्यात फळीवर राहिल्तं, तेवढं आणून दे म्हणायचं होतं. सासूबाईंना वाचणारी सून खपत न्हवती. ओसरीवर कसं बोलणार?

म्हणशील, म्हातारी होऊनही रुसते. बराबर, रुसले. पहिले खुंटी, मंग पलंगाचं बघू.

वहिनीचा गुडघा कसा हाय ते लिही. राग हाय तोवर माया बी हाय, एवढं ध्यानात ठेव.

तुझी दैवशाला

टेंभुर्णी,
ता. २० फेब्रुवारी

चि. दैवशालास आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. वहिनीने तर एकदा वाचूनच माझ्याशी बोलणं सोडलं. गुडघा बरा आहे.

खरं सांगतो. मी सख्खा भाऊ. परक्या सुतारासारखा हातोडा घेऊन बहिणीच्या दारात कशाला जायचं, जाणं-येणं आहेच की, असं मला वाटलं. रीत दुसऱ्यांच्या पोरींसाठी, अशी माझी समजूत.

आणि ते पुस्तक माझ्याजवळच आहे. तू ते माझ्यासाठी ठेवून गेलीस असंच मी धरून चाललो. जन्मभर गल्लीला, दाजींना, तुलासुद्धा ज्या कविता ऐकवल्या त्या तुझ्याच पुस्तकातल्या. हे लिहितानाही लाज वाटते.

पलंग मिळो न मिळो, रविवारी येतो. मीनाला सांगितलं आहे, जागा रिकामी राहिली तर राहू दे. चहा नको, आधी आतली खोली.

तुझा दादा

धावडा,
ता. १७ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

तुम्ही सगळे खुशाल असाल. त्या रविवारी तू आत आला अन् कल्याण बिलकुल मुकाट्यानं बाहेर थांबला, त्याचंच मला नवल. तू तीन ठोके मारले, हातोडा खाली ठेवला अन् बसला. वाटलं, आता कविता सुरू. तू म्हणला न्हाई. मंग मीच बोलत गेले. पुस्तकापुरतंच न्हवतं, ते तुला कळलंच. बाहेर ह्यांचा चहा दोनदा गार झाला. काय बोलले ते मीनाच्या इतिहासात जाऊ देऊ नको. ते खोलीतच राहू दे.

पलंग टेम्पोत चढला अन् खोलीत चार खुरांचे चार डाग राहिले. कल्याण तिथं लोखंडी दिवाण टाकतो म्हणतो. मी म्हणलं, जल्दी काय हाय.

तू आणून दिलेलं पुस्तक आता तुला परत मिळणार न्हाई. कविता अडली तर धावड्याला येऊन वाचत जा.

काल मीनानं शाळेतल्या खोलीचा फोटो पाठवला. कल्याण मोठ्यानं वाचायला लागला, तर म्हणलं फोन इकडं दे, मी वाचते. पलंगाजवळ पाटी हाय. टेंभुर्णीचा बिनखिळ्याचा पलंग, सागवान, कारागीर पुंजाराम. खालची ओळ तू हट्टानं लिहून घेतली म्हणे: चौथी खुंटी बावन्न वर्षं उशिरा ठोकली, चूक कारागिराची.

त्या पुस्तकातल्या सगळ्या कविता मला अजून न बघता येतात. आता ही ओळ बी पाठ झाली.

राखीला येशील तवा ओसरीवर बसू नको, आत ये.

तुझी दैवशाला