मिक्सरचा स्वेटर

पूज्य आणि प्रिय आत्या,

(पूज्य आधी लिहिलं आहे, याची नोंद घ्यावी. पुढचं वाचताना त्याचा उपयोग होईल.) तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. आम्ही दोघं ठीक आहोत. तुझे गुडघे काय म्हणतात? मी पाठवलेलं मलम चोळतेस, की कपाटात जपून ठेवलं आहेस? (त्याच्यासाठी पिशवी विणली असशील तर मलम आधी त्यातून बाहेर काढ.) दोन्ही वेळा गरम जेवतेस ना? तू त्या घरात एकटी असतेस म्हणून हे विचारतो. नाहीतर औषधाच्या दुकानात दिवसभर मी लोकांना हेच विचारत असतो, आणि घरी आल्यावर मला कोणाच्याही तब्येतीत रस उरत नाही.

आता पत्राचं कारण. आमच्या स्वयंपाकघरात जे घडलं ते तुला सांगायचं आहे आणि ते ऐकून तू रुसायचं नाहीस. फोनवरच सांगणार होतो, पण फोनवर मी 'कव्हर' एवढा शब्द काढला की तू लगेच लांबी-रुंदी विचारतेस आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो. मागे अशाच एका बोलण्यातून आमच्या पाण्याच्या फिल्टरला कानटोपी आली. ती त्याला शोभते, पण तो विषय वेगळा.

सुरुवात मिक्सरपासून झाली. तू त्याला विणलेलं ते निळं कव्हर आठवतंय ना? (तुझी सूनबाई त्याला स्वेटर म्हणते.) इतर लोकांची कव्हरं काम करताना काढून ठेवायची असतात. तुझं तसं नव्हतं. दर वेळी काढा-घाला कोण करत बसणार, असा विचार करून तू वर भांड्यापुरता गळा ठेवलास, बटणासाठी काज केलंस, वायरला मागून वाट दिलीस आणि खाली इलॅस्टिक घालून ते असं चापूनचोपून बसवलंस की मिक्सर उचलून हलवला तरी ते जागचं हलू नये. आम्ही थक्क झालो होतो. तू व्हिडिओ कॉलवर आधी त्याला बघायचीस, मग आम्हाला, तेव्हा त्याने सदैव कपड्यांत असावं हा घरचा नियमच झाला. चालतानासुद्धा.

मग एके दिवशी टोमॅटो फिरवता फिरवता तो घर्र करत एकदम गप्प झाला. इस्त्री जास्त वेळ ठेवल्यावर येतो तसा जळकट वास सुटला. हात लावून बघितलं तर अंग तापलेलं. मी त्याला उचलून मिक्सरवाल्याकडे नेलं. (बाहेर नेताना मळेल म्हणून सूनबाईने स्वेटर काढून घेतला होता. हे लक्षात ठेव, कारण आमच्या ते लक्षात आलं नाही.) हा मिक्सरवाला आमच्या दुकानाच्या समोरच्या गल्लीत बसतो. फार कमी बोलतो आणि मशीन चालू करून त्याला कान लावून ऐकत राहतो. त्याने मिक्सर उलटा केला आणि बुडाशी असलेलं लाल बटण दाबलं. मोटर फार तापली की हे बटण आपोआप सुटतं आणि मशीन बंद पडतं, नाहीतर आतलं सगळं जळून जाईल. थंड होऊ द्यायचं, बटण दाबायचं, पुन्हा चालू. एवढं मला त्याच्याकडून काढून घ्यावं लागलं, कारण मी प्रश्न विचारल्याशिवाय तो सांगत नाही आणि मी उत्तर मिळाल्याशिवाय हलत नाही. मग त्याने मिक्सर चांगला बराच वेळ चालवून दाखवला. अंग थंडगार.

घरी आणला, स्वेटर चढवला, चालू केला, बंद पडला. पुन्हा त्याच्याकडे नेला, तिथे ठणठणीत. पुन्हा घरी आणला, पुन्हा ताप. असे पेशंट मी पाहिले आहेत, दवाखान्याची पायरी चढली की ज्यांचं पोट दुखायचं थांबतं. अखेर मिक्सरवाल्याने हात टेकले. म्हणाला, "मशीनमध्ये काही नाही. तुमच्या घरातच काहीतरी आहे." हे मी घरी येऊन सांगितलं, आणि ती पूर्ण संध्याकाळ सूनबाई माझ्याकडे रोखून बघत होती.

आता तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. एखादी गोष्ट का होते हे कळलं नाही की मला जेवण जात नाही. मी दुकानातून ताप बघायचा डिजिटल थर्मामीटर आणला. मिक्सरला काख नसल्यामुळे तो स्वेटरच्या गळ्यातून आत सरकवला. आकडा वर चढत चढत गेला आणि शेवटी थर्मामीटरनेच शरणागती पत्करून 'एच' एवढंच अक्षर दाखवलं. मग एकेक उपाय केले. भांडं काठोकाठ भरायचं सोडून अर्धंच भरलं. एका दमात न फिरवता थोडं फिरवून थोडी विश्रांती दिली. घट्ट वाटण असेल तर त्यात जरा पाणी घातलं. दर वेळी ताप उतरल्यासारखा वाटायचा आणि पुन्हा चढायचा. (हे सगळं करायलाच हवं बरं का. आपण आजवर मिक्सरला बैलासारखं राबवत होतो.)

शेवटी मी माहितीपत्रक काढून वाचलं, जे लग्न झालेल्या कुठल्याही पुरुषाने सर्वांत शेवटी करायचं काम असतं. त्यात लिहिलं होतं की हवा खेळण्यासाठी दिलेले झरोके मोकळे ठेवा. मी मिक्सर चारही बाजूंनी फिरवून बघितला. झरोका कुठेच नाही. आमच्याच मिक्सरला झरोके द्यायचे राहिले, अशी माझी खात्री पटली आणि मी कंपनीला सणसणीत पत्र धाडलं. कंपनीचं उत्तर फार सभ्य होतं. सोबत आमच्याच मॉडेलचा फोटो होता आणि झरोक्यांवर लाल बाण काढलेले होते, काही मागच्या बाजूला, काही बुडाशी. आत्या, फोटोतला मिक्सर उघडा होता. खरं सांगतो, मला क्षणभर नजर वळवावीशी वाटली, इतकी मला त्याला कपड्यांत बघायची सवय झाली होती. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

स्वेटर उतरवला. झरोके होते, सगळेच्या सगळे, आणि त्यांच्या फटींत निळ्या लोकरीचे धागे अडकले होते. मिक्सर चालवला. तो चालतच राहिला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत उभे होतो, आणि सूनबाई पहिलं वाक्य जे बोलली ते असं, "आता आत्यांना कोण सांगणार?"

म्हणून मी सांगतो आहे. पण एकदा कुतूहल चाळवलं की मी थांबतो होय? मी बाकीच्यांच्याही अंगाला हात लावत फिरलो. ओव्हनला तू जे गोधडीवजा कव्हर केलंस (दाराला झडप ठेवून), ते वरून इतकं तापत होतं की त्यावर पापड भाजता आला असता. त्याचीही गरम हवा वरून आणि मागून बाहेर पडते, आणि तिथे आपण गोधडी पांघरून, वर त्याला भिंतीला टेकवून ठेवला होता. इंडक्शनच्या शेगडीला खालून हवा ओढणारा पंखा असतो हे मला माहीतच नव्हतं. त्या पंख्याने खाली अंथरलेला तुझा जाळीचा रुमाल पोटाशी घट्ट ओढून घेतला होता, म्हणून शेगडी मध्येच पीं पीं करून बंद व्हायची. आम्ही भांड्याला दोष देत होतो. फ्रिजची शाल घसरू नये म्हणून फ्रिज मागे दाबून बसवला होता, तर त्याच्या दोन्ही कुशी तापलेल्या. सूनबाई म्हणाली, आपल्या स्वयंपाकघरात सगळे थंडीसाठी तयार आहेत, फक्त आपल्या दोघांकडे स्वेटर नाहीत.

आता आम्ही असं ठरवलं आहे की काम करताना सगळे उघडे. काम संपलं, प्लग काढला, अंग निवलं, की मग तुझे कपडे. धूळ बसत नाही, आणि ओट्यावर बघितलं की तूच उभी आहेस असं वाटतं. एकही कव्हर टाकलेलं नाही, टाकणारही नाही. तेव्हा रागावू नकोस. दोघांचा नमस्कार.

तुझा चौकस भाचा

ता. क. : सूनबाईने पत्र वाचलं. तिचं म्हणणं असं की स्वेटर काढून बघू या, हे ती पहिल्याच दिवशी बोलली होती आणि मी 'आत्याने इतक्या प्रेमाने विणलंय' म्हणून तिला गप्प केलं होतं. मला हे आठवत नाही. पण ती सहसा खोटं बोलत नाही.

ता. क. दुसरा : मिक्सरचं सगळं खरं आहे, पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. मागच्या कॉलवर तू मला तुझ्या ओट्यामागचा एक्स्टेन्शन बोर्ड दाखवलास. किटली, टोस्टर आणि हीटर, तिघांचेही प्लग त्या एकाच बोर्डात. वायरी दिसायला वाईट दिसतात म्हणून तू त्यावर टोपडं घातलं आहेस, आणि ते एका कोपऱ्यात तपकिरी पडलं म्हणून लोकरवाल्याने फसवलं असं मला सांगत होतीस. आत्या, लोकर चांगली आहे. ती जळते आहे. तुझा कॉल संपल्यावर हे माझ्या लक्षात आलं. मी लगेच उलट फोन केला, तर माझं ऐकायच्या आधीच तू म्हणालीस की काळजी करू नकोस, दुहेरी लोकरीचं नवीन विणायला घेतलंय. मग प्लग काढ, प्लग काढ, असं मी ओरडत राहिलो, आणि तू मला टोपड्याचा रंग विचारत राहिलीस.

ता. क. तिसरा : हे पत्र पोस्टाने आलेलं नाही हे तू पाहिलंसच. ज्याने ते तुझ्या हातात दिलं तो मिक्सरवाला. त्याची सासुरवाडी तुमच्याच गावात आहे, फोन ठेवल्या ठेवल्या मी त्याला गाठलं, त्याची तयारी होईपर्यंत हे पत्र लिहिलं आणि त्याला पहिल्या गाडीत बसवलं. त्याला सांगून ठेवलं आहे की पत्र दिलं की थांबू नकोस, सरळ स्वयंपाकघरात जा, टोपडं काढ, तिघांचे प्लग उपस, आणि प्रत्येकासाठी भिंतीत वेगळी जागा करून दे. त्याच्यावर ओरडू नकोस, तो मुळातच कमी बोलतो. ओरडायचं तर माझ्यावर ओरड. मला तू धडधाकट हवी आहेस, बाकी काही नको. आणि एवढं लांबलचक पत्र मी लिहिलं ते एवढ्याचसाठी, की त्याचं काम होईपर्यंत तू खुर्चीतून उठू नयेस.