साधासरळ वस्ताद पाहिजे

नाशिक,
दिवाळीच्या आधीचा तिसरा रविवार

ती. बहिरूमामांस,

योगिनीचा नमस्कार पोचावा. एकाच हाताचा आहे, कारण दुसरा हात मी तुमचा कान धरायला राखून ठेवला आहे. (मामाचा कान भाचीने धरावा की नाही, हे आईला विचारलं. ती म्हणाली, आधी कारण सांग. कारण ऐकलं आणि म्हणाली, दोन्ही धर.) मामीचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा ती बांधते का, की पाहुण्यांना दाखवण्यापुरता कपाटात ठेवला आहे? तुमचा भात सोंगणीला आला असेल. इकडे आम्ही मजेत आहोत. महेशची अंबडच्या कारखान्यातली रात्रपाळी एकदाची संपली, त्यामुळे घरात दोन माणसं राहतात हे आम्हा दोघांना पुन्हा कळलं. आता फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर मामा, फोन या वस्तूशी तुमचा संबंध शक्य तितका कमी यावा, ही माझी यंदाची दिवाळीची इच्छा आहे. शिवाय फोनवर तुम्ही "हां हां, कळलं" म्हणत स्वतःच बोलत सुटता. पत्राला मध्ये तोडता येत नाही. तेव्हा ओट्यावर बसा आणि सगळं वाचा. शेवट गोड आहे, घाबरू नका.

आमच्या कॉलेजात कुस्ती आहे हे तुम्हाला माहीत आहेच. (ती तुमची भाची चालवते असं तुम्ही गावभर सांगितलंय, तेही मला माहीत आहे. अहो, भाची रसायनशास्त्र शिकवते!) पावसाळ्याच्या तोंडाशी आमचे जुने कोच पुण्याकडे निघून गेले. स्टाफ मीटिंगमध्ये आमचे प्राचार्य, कोठुळेसर, यांनी विचारलं की इथे कुणाच्या घरात कुस्तीची परंपरा आहे का. माझ्या तोंडात तेव्हा चहात बुडवलेलं बिस्किट होतं आणि तशातच मी म्हणून गेले, की माझे मामा पैलवान होते. झालं! दुसऱ्या दिवसापासून पहाटे उजाडायच्या आत मी गळ्यात शिट्टी अडकवून मॅटच्या कडेला उभी. शिट्टी कधी वाजवायची हे मला कळत नव्हतं, म्हणून कुणी कुणाच्या अंगावर जास्त वेळ बसलं की मी वाजवायचे. त्यावर पोरं म्हणायची, मॅडम, तेवढ्यासाठीच तर बसलोय! पंधरवड्यात निम्मी पोरं यायची बंद झाली. उरलेली यायची ती झोपायला, कारण मॅट त्यांच्या गादीपेक्षा मऊ आहे.

पण एक मुलगी मात्र चुकली नाही. मैना भोये. पेठच्याही पलीकडे, डोंगरातल्या पाड्यावरची. बोलायला अगदी कमी, पण मॅटवर उतरली की पोरगी निराळीच. कोच नसताना ती एकटी भिंतीशी कुस्ती खेळायची, खरंच सांगते, भिंतीला खांदा लावून. विद्यापीठाच्या निवड चाचणीत तिचं नाव आहे. त्याआधीच संस्थेने हुकूम काढला, की दिवाळीच्या सुटीपर्यंत मुख्य प्रशिक्षक मिळाला नाही तर कुस्ती बंद आणि हॉल व्यवस्थापन शाखेला. (तिथे ते नेतृत्वगुण शिकवणार म्हणे.) कुस्ती बंद म्हणजे मैनाची वसतिगृहातली खेळाडूंची जागा गेली, आणि जागा गेली म्हणजे पोरगी परत पाड्यावर. नाशकात खोली घेऊन राहण्यासारखं तिचं घर नाही. तिला हे मीच सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग उद्या येऊ ना मॅडम?" मला इतकं भरून आलं की मी शिट्टीच वाजवली.

मग जाहिरात दिली. 'हेड कोच पाहिजे, अनुभव आवश्यक' इतकी आखूडशी, कारण शब्द वाचवायचे होते. एक गृहस्थ आले, त्यांना कोचिंगचा दांडगा अनुभव, मुलं कुठल्या कुठे पोचलेली. बऱ्याच वेळाने उलगडलं की त्यांचे गणिताचे क्लास आहेत. दुसरे आले ते जुने, भारदस्त, मिशीवाले. त्यांनी आधी पैलवानांच्या दुधासाठी गोठा कुठे बांधणार ते विचारलं आणि मग मुलींना शिकवणार नाही म्हणाले. त्यांना मी स्वतः गेटपर्यंत सोडून आले, परत येतील की काय या भीतीने. तिसरा हर्षल. जिममध्ये ट्रेनर आहे. गोड पोरगा, दंड असे की शर्टाची दया यावी. पण कुस्ती त्याने फक्त मोबाइलवर पाहिलेली. आणि चौथ्या, तुम्हीच मला नंबर दिलेल्या आशा पोरजे. पतियाळ्याचा कुस्ती प्रशिक्षणाचा डिप्लोमा, घोटीला पोरींची तालीम चालवतात, उत्तरं एकदम सडेतोड. कोठुळेसर इतके खूश झाले की त्यांनी त्यांना स्वतःच्या कपात चहा दिला. मी मनातल्या मनात शिट्टी गोदावरीत फेकूनसुद्धा आले. एवढ्यात सर म्हणाले, फक्त एक औपचारिकता, यांनी ओळखीचे म्हणून कुणा बहिरूभाऊंचा नंबर दिलाय, विचारून घेऊ. आणि त्यांनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

मामा, त्या दिवशी तुम्ही काय काय बोललात ते तुम्हाला आठवत नसेल. मला पाठ आहे. "कोण, आशी? बिनघोर घ्या सायेब, लय वस्ताद बाई हाय! घोटीपासून सिन्नरपातूर एक गडी शिल्लक ठेवला नाय, समद्यांना लोळवलं. कवा काय डाव टाकंल, समोरच्याला पत्ता नाय लागत." सरांनी घसा साफ करून विचारलं, घरचं वातावरण कसं आहे? तर तुम्ही म्हणालात, "एक नंबर! नवऱ्यालाबी आधी जत्रंत मातीत घातलं, मंग लगीन केलं." मागून वारा, कुणाचं तरी ट्रॅक्टर, आणि तुमचं ते खदाखदा हसणं. फोन बंद झाला तेव्हा निवड समितीत कुणी कुणाकडे बघेना. वाणिज्य शाखेच्या प्रमुखांनी हळूच विचारलं, नवरा हयात आहे का?

मी जीव तोडून सांगितलं, की सर, कुस्तीत वस्ताद म्हणजे गुरू, शिकवणारा. आपण जे शोधतोय त्यालाच वस्ताद म्हणतात! पण कोठुळेसर इंग्रजीचे, त्यात वाढले पुण्यात. ते म्हणाले, मॅडम, मराठी मला शिकवू नका, आमच्या गल्लीतही एक वस्ताद होता, लोकांच्या सायकली विकायचा. आणि हे बहिरूभाऊ माझे मामा आहेत हे कळल्यावर तर माझं कुणी ऐकेना. म्हणजे तुमचाही यात डाव आहे तर, असं ते म्हणाले नाहीत, पण चष्मा काढून पुसला. आशाताईंना 'कळवतो' म्हणून पाठवून दिलं आणि हर्षलची निवड झाली. संध्याकाळी मैना आणि मी हॉलच्या पायरीवर बसलो होतो. मी तिला म्हटलं, कोच मिळाला ना, आता तुझी जागा राहील. ती म्हणाली, "जागा राहील मॅडम. पण शिकवील कोण?" मला तुमचा इतका राग आला होता मामा, की तुम्ही समोर असतात तर मी मैनाला तुमच्यावर सोडलं असतं.

तर मग सुटका कशी झाली ते ऐका. आमच्या नव्या प्रयोगशाळेच्या उद्घाटनाला संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब आले. निफाडकडचे द्राक्षबागायतदार, वय झालेलं, पण मान अजून बैलासारखी. (तरुणपणी तालमीत असणार हे मी मानेवरूनच ओळखायला हवं होतं.) फीत कापली, नारळ फुटला, आणि माझ्या परीक्षानळ्यांकडे ढुंकूनही न बघता त्यांनी सरांना विचारलं, "काय कोठुळे, वस्ताद मिळाला का कुस्तीला?" सरांचा चेहरा असा उजळला, की बघवेना. म्हणाले, "नाही साहेब, तीच तर काळजी घेतली! एक वस्ताद बाई आल्या होत्या, पण आम्ही वेळीच ओळखलं आणि बाहेरचा रस्ता दाखवला." आबासाहेबांना वाटलं, आपल्याला कमी ऐकू येतंय. त्यांनी विचारलं, मग घेतलं कुणाला? सर छाती काढून म्हणाले, "एकदम साधासरळ मुलगा आहे. अजिबात वस्ताद नाही. मी स्वतः खात्री करून घेतली."

आबासाहेबांनी हातातली कात्री खाली ठेवली (ती त्यांनी ठेवली म्हणून मला जरा बरं वाटलं). ते एवढंच म्हणाले, "मग तो पोरांना काय शिकवणार? साधेपणा?" आणि थेट हॉलकडे निघाले. मागे सर, सरांमागे मी, माझ्यामागे पेढ्यांचं ताट. हॉलमध्ये मैना होतीच, भिंतीशी. हर्षललाही बोलावून घेतलं. आबासाहेब त्याला म्हणाले, हिला नुसती एकदा धरून दाखव. बिचाऱ्याने बूट काढले, केस सारखे केले, आणि पुढचं मला नीट दिसलंच नाही. दिसलं तेव्हा हर्षल छताकडे बघत पडला होता आणि मैना त्याला "लागलं का हो सर?" विचारत होती. पण पोरगा मनाचा मोठा. पडल्या पडल्याच म्हणाला, मलाही जिमच आवडते, घरचे म्हणाले म्हणून अर्ज केला. (तो आता आमची जिम बघतो. तो खूश आहे, आणि शर्टही आता एक माप मोठे घेतो.) कोठुळेसरांना आबासाहेबांनी कोपऱ्यात नेऊन वस्ताद या शब्दाचा अर्थ समजावला. समजावताना ते सरांचा खांदा धरून होते, आणि सर थोडे थोडे खाली जात होते.

आता प्रश्न आशाताईंचा. अपमान करून घालवलेलं माणूस, परत का येईल? फोन मीच केला. सरांची माफी सांगितली, माझी सांगितली, तुमचीही सांगून टाकली. मग त्यांनी एकच विचारलं, पोरी रोज सकाळी येतात का? मला खोटं बोलवेना. म्हटलं, ताई, खरं सांगायचं तर रोज येणारी एकच आहे. त्या म्हणाल्या, "एक बस झाली. सोमवारी येते." मामा, फोन ठेवला आणि मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर रडले. इतके दिवस छातीवर कुणीतरी बसलं होतं आणि शिट्टी वाजवायला कुणी नव्हतं, तसं झालं होतं बघा. आज त्यांना येऊन तीन आठवडे होताहेत. झोपणारी पोरं घाम गाळताहेत, मिशीवाल्यांनी नाकारल्या असत्या अशा सात पोरी यायला लागल्यात, आणि मैना भिंतीला विसरली. संस्थेचा हुकूम मागे घेतला. मी सुटले! सकाळी सातपर्यंत झोपते, उठून शांतपणे चहा पिते, आणि कुणी कुणाच्या अंगावर बसलं तरी मला त्याचं काही नाही. कोठुळेसरांना मात्र नवा शब्द भलताच आवडलाय. परवा विद्यापीठाचे अधिकारी आले तर त्यांनी भर सभेत त्यांचं स्वागत केलं, की आपल्या खात्यात आपल्याइतका वस्ताद माणूस दुसरा नाही. अधिकारी चहा न घेता गेले.

तेव्हा तुमचा कान सोडला. दोन्ही हातांनी नमस्कार. आशाताईंचा नंबर तुम्हीच दिला होतात, हे मी विसरलेले नाही. मामीला सांगा, पट्टा बांध, आणि फराळाला इकडे या.

तुमची भाची,
योगिनी

ता. क. आशाताईंना कायम करायच्या वेळी सर पुन्हा तुम्हाला फोन करणार आहेत. 'बाई चांगल्या आहेत' एवढं बोला आणि फोन मामीकडे द्या. नवऱ्याचं नाव निघालंच तर म्हणा, सुखरूप आहे.

ता. ता. क. हा भाग मामीला वाचून दाखवू नका, तिच्याकडून आईला कळेल आणि आईकडून महेशला. मी सातपर्यंत झोपते हे खोटं आहे. झालं असं, की मैनाच्या वजनाची जोडीदार एकही नाही. बाकीच्या पोरी किडकिडीत. आशाताईंनी पहिल्याच आठवड्यात मला खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, मॅडम, तुम्ही बासष्ट किलोच्या आसपास असाल ना? तेव्हापासून रोज पहाटे मी मॅटवर आहे. महेशला सांगितलंय, योगासनांना जाते. तो म्हणतो, योगासनांनी माणूस इतकं लंगडतं का? तेव्हा तुमचं ते अंगाला चोळायचं तेल, मोठी बाटली, घोटीहून रोज येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवा. आणि समोरचीच्या पायांत घुसून पट काढताना माझा उजवा पाय मागे राहतो, त्याला काय करायचं, ते नीट लिहून कळवा.

आणखी एक. खरं तर यासाठीच पत्र लिहायला बसले होते. मैनाची चाचणी पुढच्या रविवारी आहे. तिच्या घरचं कुणी येऊ शकत नाही, त्यांचाही भात उभा आहे. तुमचाही उभा आहे, मला ठाऊक आहे. पण एक दिवस सोंगणी राहू द्या आणि या. आशाताई मॅटच्या कडेला असतील, मला ओरडायला जमत नाही, आवाज चिरकतो. पोरीला नाव घेऊन हाक मारणारं आपलं माणूस पाहिजे. तुम्हाला तिथे हवं ते, हवं तितक्या मोठ्याने बोलायची मोकळीक आहे.

काल मी एकदा मैनाची पाठ टेकवली, मामा. आशाताई म्हणतात, तिने मुद्दाम सोडलं. मी मैनाला विचारलं. ती म्हणाली, "नाय मॅडम, मी नाय सोडलं."