साखरेच्या डब्याखालचं बदक

अण्णा, काल ते बदक सापडलं. तुमच्या इंग्रजी पेपरातल्या कार्टूनच्या पट्टीतलं, जाड्या पोस्टमनची वाट अडवणारं. माझ्या मुलाने शोधून दिलं. तो राहतो कोरमंगलाला, मी बेळ्ळंदूरला. एकाच गावात असून ट्रॅफिकच्या नावाने महिना महिना भेट नाही, म्हणून फोनवरच धाडलं. "अम्मा, सगळ्या जुन्या पट्ट्या आहेत बघ, निवांत वाच," म्हणाला. निवांतपणाला इथे काय तोटा! हे गेल्यापासून घरात बोलायला भिंतीच उरल्यात.

तेव्हाची सकाळ अजून जशीच्या तशी दिसते. फिल्टरमधून कॉफीचं डिकॉक्शन थेंब थेंब गळतंय, आई रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारतेय आणि तुम्ही पाटावर पेपर उघडून बसलाय. मी कन्नड शाळेत, इंग्रजीचा गंध नाही, म्हणून तुम्ही वाचून दाखवताय. पोस्टमन घाईत आहे आणि बदक नाकातून बोलतंय, "थांब की रे स्वल्प, कॉफी तरी पिऊन जा!" मी हसून लोळतेय आणि आई करवादतेय, "ऑफिसला उशीर होतोय, तुमचं बदक आवरा आता."

वाचून झालेला पेपर आई फळीवर डब्यांखाली अंथरायची. तेव्हा तुम्ही ती पट्टी कापून नेमकी साखरेच्या डब्याखाली सरकवायचात, कारण मला चोरून साखर खायची सवय. डबा उचलला की खाली बदक, आणि झाकण वाजलं की बाहेरच्या खोलीतून तोच नाकातला आवाज, "यारू, कोण गं ती? स्वल्प आम्हालाही ठेव!" पकडली गेल्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. उलट कित्येकदा साखर नको असतानाही मी नुसतं झाकण वाजवायचे. मग मला इंग्रजी वाचता येण्याआधीच तुम्ही गेलात आणि आईने पेपर बंद केला.

काल चष्मा लावून सगळं वाचलं. पोस्टमन थोडंफार बोलतो, हवेबद्दल, पत्रांबद्दल, फारसं हसू येत नाही. बदक मात्र बोलतच नाही, अण्णा. एकाही पट्टीत नाही. त्याच्या डोक्यावर शब्दांचा फुगाच नाही. इतकी वर्षं मी धरून चालले होते की ते बोलणं कुठेतरी छापलेलं आहे, कधीतरी हाती लागेल. तुम्ही दिवसभर ऑफिसात इंग्रजी टाइप करायचात, म्हणजे वाचता येत नव्हतं असंही नाही. मला तेव्हाच कसं दिसलं नाही? चित्राकडे मी बघतच नव्हते बहुतेक, तुमच्या तोंडाकडे बघत होते. फार रडू आलं. बदकाचं सगळं बोलणं तुमच्याबरोबरच गेलं, आणि मला त्यातली ही दोनच वाक्यं आठवतात.

मुलाला यातलं काही सांगितलं नाही. "छान आहेत रे," एवढंच म्हटलं. "सरी, बरं अम्मा, मीटिंग आहे," म्हणून त्याने फोन ठेवला. हे पत्र तरी कुठल्या पेटीत टाकणार? घडी करून साखरेच्या डब्याखाली ठेवतेय. डबा आपल्या घरातलाच आहे, एका बाजूने चेपलेला. डॉक्टरांनी साखर केव्हाच बंद केलीय, आत काही नाही. तरी रोज सकाळी मी एकदा झाकण वाजवते, आणि जरा थांबते.