टीव्हीखालचा डबा

११ फेब्रुवारी

मी अडकलो तो क्षण नेमका सांगता येतो. पुस्तकाएवढा कॉम्प्युटर टीव्हीखाली सरकवला, वायर जोडली, आणि बाबा म्हणाले, "लाव." मी कॉलेज सोडल्यापासून माझ्याशी बोललेला त्यांचा पहिला शब्द. तेव्हापासून रोज संध्याकाळी सहाला तोच शब्द.

जोडला मी, क्रिकेटचे जुने सामने त्यात भरले मी, म्हणून लावायचंही मीच. आई म्हणते, "मला बाई त्या माऊसची धास्ती. बाण कुठे पळतो तेच कळत नाही." बाबा हात लावत नाहीत. याच्यापायी पोरानं शिक्षण सोडलं, हा राग.

सहा ते नऊ सोफ्याच्या टोकाला. मुलगा कसला, रिमोट आहे मी.

१२ फेब्रुवारी

तरी लिहून ठेवतो, तारखेसकट — पाच वर्षांत घरोघरी टीव्हीखाली असा डबा असेल. सीडीचे ढीग भंगारात. सिनेमे, गाणी, लग्नाचं शूटिंग, सगळं एकात. मी कामाला आहे त्या कॉम्प्युटरच्या दुकानात शेठ म्हणाले, "भविष्यवेत्ते, आधी त्या प्रिंटरची शाई बदला."

हसा लेको.

२० फेब्रुवारी

तिला सांगितलं. आम्ही एका वर्गात होतो; ती टिकली, मी सुटलो. दुकानासमोर चहा घेत शांतपणे म्हणाली, "दमून आलेल्या माणसाला एक बटण हवं असतं. तुझा डबा चालवायला घरटी एक तू लागशील. इतके तू आणायचे कुठून?"

मी भडकलो. "तुला काय कळतंय त्यातलं?"

तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं, हीच तर पंचाईत! घरी येईपर्यंत मनात सतरा वेळा माफी मागितली.

२१ फेब्रुवारी

फोन केला नाही.

४ मार्च

तीच दुकानात आली. नोकरी लागली, दुसऱ्या शहरात. रविवारी जाणार. "शनिवारी सहाला वाचनालयाच्या पायऱ्यांवर ये. साडेसहापर्यंत थांबेन. नाही आलास तर समजेन काय ते."

सहा. दिवसाचे चोवीस तास, आणि हिला सहाच सापडले.

६ मार्च

शनिवारी सहाला मी नसेन, असं सांगून आईला माऊस शिकवायला बसलो. तिने भलतीकडे दाबून सगळं बंद पाडलं. पुन्हा दाखवलं, पुन्हा तेच. मी ओरडलो.

"अरे, शनिवारीही थांब ना घरी," म्हणाली. "यांचं न् तुझं तेवढंच तर चालतं."

काय चालतं? तीन तासांत एक शब्द!

८ मार्च, शनिवार

पावणेसहा. सामना आधीच लावून सटकावं म्हणून हॉलमध्ये आलो. सामना सुरू होता. माऊस आईच्या हातात. आवाज कमी केला, चित्र पडदाभर केलं, माझ्यापेक्षा झटपट.

"कधी शिकलीस?"

"तू आणलास त्याच आठवड्यात." मान वर केली नाही. "तेवढ्यासाठी तरी एका खोलीत बसत होतात दोघं."

बाबा पडद्याकडे बघत होते. मग माझ्याकडे वळले.

"जा. थांबली असेल ती."

यांना कोणी सांगितलं? विचारायला वेळ नाही. चपला घालून उभ्यानेच लिहितोय. वही खिशात कोंबतो आणि बाहेरून दार ओढून घेतो.