धाकटीचं गाऱ्हाणं

आई, तू गेल्याला बावीस वर्षं झाली, तरी तुझ्यावरचा माझा राग काही जात नाही.

धाकटी दहावीत होती. सहामाहीनंतर ती नीट जेवेनाशी झाली, वह्या उघडून नुसती बसायची. एका दुपारी कांजूरमार्गच्या आपल्या खोलीत, तू नळावर गेली असताना, ती म्हणाली, "ताई, मला जगावंसंच वाटत नाही गं. आईला नको सांगू." मी घाबरले. तू बादली खाली ठेवायच्या आत तुला सांगून मोकळी झाले. तू मटकन बसलीस आणि पदरात तोंड घालून रडलीस.

मग तुला जे सुचलं ते केलंस. रविवारी गाववाल्यांना बोलावलंस, देवापुढे नारळ ठेवलास आणि थोरल्या काकांना गाऱ्हाणं घालायला लावलंस. आपल्याकडे हीच रीत. संकट देवाला मोठ्यानं सांगायचं आणि जमलेल्यांनी साथ द्यायची. काका खणखणीत आवाजात म्हणतायत, "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाच्या मनात मराचो इचार येता, तो भायर काढ रे म्हाराजा!" आणि खोलीभर माणसं, दारातल्या शेजारणींसकट, एका सुरात म्हणतायत, "व्हय म्हाराजा!" धाकटी कपाटाला टेकून उभी आहे. कान लालभडक. ती तुझ्याकडे नाही, माझ्याकडे बघतेय.

दुसऱ्या दिवसापासून नळावर बायका तिला विचारायच्या, "काय गो, आता बरा वाटता मा?" ती मान डोलवायची. जेवायलाही लागली. तू मला म्हणालीस, "बघ, देवान आयकल्यान." परीक्षेच्या पंधरा दिवस आधी तिनं जीव दिला.

आईनं तिचं दुखणं चव्हाट्यावर मांडलं, हे मी पुढे नवऱ्याला सांगितलं, चुलतबहिणींना सांगितलं, ऐकेल त्याला सांगितलं. तुझ्याजवळ दुसरा उपाय नव्हता, हे मात्र कधी म्हटलं नाही. परवा माझी मुलगी रडत म्हणाली, "कुणाला सांगणार नाहीस ना?" मी म्हटलं, "सांगणार. पण फक्त डॉक्टरांना, आणि तुला बरोबर नेऊन."

हा कागद कुठे जाणार नाही, म्हणून एवढं लिहिते. धाकटीच्या तेराव्यानंतर तू विचारलंस, "तुका परत काय बोललेला काय गो ता?" मी नाही म्हटलं. बोलली होती, आई. जायच्या आदल्याच आठवड्यात, तेच शब्द. तू पुन्हा गाववाले बोलावशील या भीतीनं, त्या खेपेला मी कुणालाच सांगितलं नाही.