जपानी ताटलीतला पक्षी

तीर्थरूप मामांस, जिंगदेझेनहून भाचा लो च्यान याचा गुडघे टेकून नमस्कार.

इकडे सर्व खुशाल. तुमची कंबर कशी आहे? कँटनच्या दमट हवेत ती धरते असं आई म्हणते (तिला तिकडची हवाच काय, माणसंही पसंत नाहीत, तुम्ही सोडून).

तुम्ही व्यापाऱ्याकडून घेऊन पाठवलेली नमुन्याची जपानी ताटली पोचली. डच व्यापाऱ्यांना जपानी माल महाग पडतो, तेव्हा हुबेहूब तसाच आपण करून द्यायचा, हे समजलं. निळी फांदी, लाल फुलं, वर सोनं आणि फांदीवर पक्षी. निळं काम माझं. मी फांद्या काढल्या, पक्ष्याची जागा सोडली, ताटल्या भट्टीतून झकास निघाल्या. पुढचं लाल-सोनेरी काम दुसऱ्या गल्लीत. आमच्याकडे फुलंवाला पक्षी काढत नाही आणि पक्षीवाला पानाला बोट लावत नाही, हे तुम्ही जाणताच. पक्षी यू उस्तादांचे (म्हणजे माझ्या होणाऱ्या सासऱ्यांचे). त्यांनी नमुना डोळ्यांजवळ नेला आणि भडकले, "हा पक्षी? अरे, हे पाय बघून कोंबडीसुद्धा लाजेल! माझ्याच्यानं नाही व्हायचं हे." आणि घरी जाऊन बसले. मालकही हट्टी. त्यांनी फुलंवाल्या फानकडून त्या जागेत कोबीएवढं फूल काढून घेतलं. काडीएवढ्या फांदीवर ते कसं बसलंय देव जाणे, पण खरं सांगतो मामा, दिसतंय छान. अर्ध्या ताटल्या होडीनं तुमच्याकडे निघाल्या आहेत, व्यापारी बघतच राहील. बाकीच्या फळीवर आहेत, जागा अजून मोकळी.

उस्तादांना हे कळलं तेव्हा म्हणाले, "हा माल पसंत पडला, तर लग्नही त्या फानच्याच मुलीशी कर!" (फानला तिन्ही मुलगेच आहेत.) तेव्हापासून ग्वेइझीचं आणि माझं लग्न अडलंय. ती मला फार आवडते, मामा. बाकी मी मजेत आहे, भूक उत्तम लागते. मामींना नमस्कार.

ता. क. वर मालाची तारीफ केली, कारण पत्र मालक वाचून बघणार होते. आता त्यांनी वाचलंय. मामा, तुमच्या पाया पडतो, व्यापाऱ्याला तो माल पसंत पडू देऊ नका! "पक्षी कुठाय? पक्षी नसेल तर ताटल्या नकोत," अशी खरमरीत तक्रार पाठवा.

आणखी एक. ग्वेइझी आत्ताच सांगून गेली की उस्ताद रोज दार लावून तोच जपानी पक्षी गिरवतात, कोंबडीच्या पायांसकट. आता फक्त कुणीतरी त्यांच्या नाकदुऱ्या काढायला हव्यात. मी काढून बघितल्या, पण जावयाच्या धरत नाहीत म्हणे, परदेशी गिऱ्हाइकाच्याच लागतात.