डाव्या हाताचा रफू

दि. १४, मंगळवार, दुपारचे तीन

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. तुझा नंबर बदलला, म्हणून पत्र लिहितोय. पत्ता मावशीने दिला, पण "माझं नाव घेऊ नकोस" या अटीवर. तेव्हा तिने दिला नाही असंच समज.

दुकानाची खबर सांगतो. पुढची काच बदलली. समोरचा घड्याळजी अजून रोज येऊन आपला चहा पितो आणि आपल्याच चहाला नावं ठेवतो. बाबा बरे आहेत. दुकानाचं मी फोनवर एक पेज काढलं होतं, ते तुला माहीत नसेल. अकरा हजार लोक बघतात. रफूचे व्हिडिओ टाकतो. आधी छिद्र, मग सुई, मग छिद्र कुठे होतं ते सापडत नाही. लोकांना ते शेवटचं फार आवडतं. लांबलांबून कपडे यायला लागले. बाबा आधी म्हणायचे, "फोनवर सुई चालवतोस होय रे? दोरा कुठून ओवतोस?" आता कुणी पेज बघून आलं की ताठ बसतात.

बाबा बरे आहेत असं मी वर लिहिलं. ते खोडत नाही, पण खरं नाही. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ते कात्री शोधायला लागतात. साधी शिवण जमते. बारीक रफू वर्षभरात झाला नाही; तसं काम आलं की मी काहीतरी सांगून परत पाठवतो.

मग पेजवर कुणाचे हात आहेत, असं तू विचारशील. तुला कळलंही असेल.

तुझे आहेत. तू असताना मी पडद्यामागे गंमत म्हणून सतरा व्हिडिओ काढले होते, आठवतं? फक्त बोटांची टोकं, सुई आणि कापड. तू "टाचणी, उजेडातून बाजूला हो" म्हणून माझ्यावर ओरडायचीस, तो आवाज मी काढून टाकला. मग ते पेजवर टाकले आणि त्यावर लिहिलं, "बाबांचे हात, चाळीस वर्षांचा अनुभव." शुद्धलेखन तीनदा तपासलं. एकही चूक नव्हती, ताई.

पण बाबांना सगळी गल्ली ओळखते, आणि ते डावखुरे नाहीत. म्हणून मी प्रत्येक व्हिडिओ आरशासारखा उलटा केला. त्यासाठी फोनमध्ये एक बटण असतं. लहानपणी तुझ्या डाव्या हातातली सुई बाबा काढून उजव्यात द्यायचे, "गिऱ्हाईक काय म्हणेल" म्हणायचे, आणि त्यांची पाठ वळली की तू परत डाव्यात घ्यायचीस. शेवटी त्यांनी तुला पडद्यामागे बसवलं आणि पुढे येऊन "मी केलंय" म्हणायला लागले. त्यावरूनच तू गेलीस. त्यांना इतक्या वर्षांत जे जमलं नाही, ते मी अंगठ्याने एकदा दाबून केलं.

आता खरी गोष्ट. मागच्या शुक्रवारी एक बाई आल्या. हळू बोलणाऱ्या, पिशवी मांडीवर धरून बसणाऱ्या. पिशवीत त्यांच्या वडिलांचा राखाडी कोट. वडील शाळेत शिकवायचे. ते गेले. येत्या शनिवारी शाळेच्या वाचनालयाला त्यांचं नाव देणार आहेत आणि बाईंना तो कोट स्वतः घालून जायचंय. छातीवर इस्त्रीने जळालेलं छिद्र, रुपयाएवढं. बाई म्हणाल्या, "इस्त्री मीच केली होती. घाई होती." मग त्यांनी फोन काढून बाबांसमोर धरला. "मला हेच हात हवेत."

बाबांनी आपला व्हिडिओ त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला. फोन डाव्या डोळ्याजवळ नेला, परत लावायला सांगितला. मला वाटलं, आता नाही म्हणतील. ते म्हणाले, "ठेवून जा. शुक्रवारी संध्याकाळी या."

त्यानंतर चार दिवस कोट त्यांच्या मांडीवर आहे. आतल्या दुमडीतून त्यांनी तीन दोरे काढले. तिन्ही तुटले. अस्सल दोरा तेवढाच निघतो, तुला माहीत आहे. आणखी पाच-सहा तुटले तर भरायला काही उरणार नाही. मी काही बोललो की म्हणतात, "तू फोन बघ."

फोनवर वेगळंच चाललंय. एका व्हिडिओखाली एका म्हाताऱ्या शिंप्याने लिहिलं, "पुरुषाच्या कोटाची बटणं या बाजूला कशी? आणि दोऱ्याचा पीळ उलटा कसा?" मी ते पुसलं. त्याने परत लिहिलं, खाली फोटोत बटणांभोवती गोल काढून. परत पुसलं. त्याने तिसऱ्यांदा लिहिलं, आणि काल त्याच्याखाली साठ जणांनी लिहिलं. मी फोन कापडांच्या गठ्ठ्याखाली ठेवला, तरी तो थरथरत होता.

आज सकाळी बाबा मान वर न करता म्हणाले, "उलटा पीळ मला त्या दिवशीच दिसला."

मी म्हटलं, "मग कोट ठेवून का घेतलात?"

"सुई कुणाची, तेही दिसलं."

चष्मा पुसत बसले.

ताई, मग मी सतराही व्हिडिओ सुलटे करून परत टाकले. त्यावर लिहिलं, "हे हात माझ्या मोठ्या बहिणीचे आहेत. ती डावखुरी आहे. बाबांचे हात म्हणून मी खोटं लिहिलं होतं." लोक मला शिव्या देतायत. बऱ्याच अशुद्ध आहेत. दुपारपर्यंत दोन हजार जण निघून गेले. बाईंनाही फोन करून सांगितलं, की तू येशील याची खात्री मी देऊ शकत नाही, कोट न्यायचा तर आजच न्या. त्या म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत थांबते. नाही झालं तर छिद्रासकट घालेन. पण तुम्ही हे आधी सांगायला हवं होतं." बरोबर आहे. तुला तर त्याच्याही आधी विचारायला हवं होतं.

तू यावंस असं मी लिहिणार नव्हतो. चार ओळींत माफी मागून थांबायचं ठरवलं होतं. तू आली नाहीस तरी ते व्हिडिओ तुझ्याच नावावर राहतील. आणि नको असतील तर एक ओळ पाठव, सगळे काढतो.

कुरिअरवाला म्हणतो, पत्र उद्या दुपारपर्यंत पोहोचेल. तो बाहेर उभा आहे, तरी एक सांगायचं राहिलं. आत्ता बाबांनी पडदा काढून घडी करून ठेवला. तुझं स्टूल पुढे, काचेजवळ आणलं. मग दिवा उचलून स्टुलाच्या उजव्या बाजूला लावला. डाव्या हाताने सुई चालवणाऱ्याच्या हाताची सावली कापडावर पडू नये, तसा. मी विचारलं, तर म्हणाले, "डोळ्यावर येत होता."

दिवा तिथेच आहे. कोटाला त्यांनी त्यानंतर हात लावलेला नाही.

तू ज्याला ऱ्हस्व-दीर्घ शिकवलंस आणि जो तरीही इतकं चुकीचं लिहीत राहिला, तो तुझा

टाचणी